उणे दोन

झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती म्हणून शंतनु वडिलांची दवाखान्याची फाईल छातीशी धरून उभा होता. शेजारच्या माणसाने फायलीवरचं नाव वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "खेर्डेकर सर? लक्ष्मीकांत सर? तुम्ही त्यांचे कोण?" "मुलगा." "धाकटे?" "हाव." त्यावर तो माणूस इतका खुलला की त्याने शंतनुचा दंडच धरला. "म्हणजे तुम्ही सरांचे कंट्रोल."

शंतनुला वाटलं, हा कॉलेजच्या शेताबद्दल बोलतो आहे. बुलडाण्याहून चिखलीकडे निघालं की लागणाऱ्या शेतकी कॉलेजात वडिलांनी सारी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली होती, आणि त्याच कॉलेजच्या शेतावर शंतनु मदतनीस होता. दोर ताणून प्लॉट आखायचे, खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक प्लॉटपुढे त्याच्या उपचाराची पाटी लावायची, हे त्याचं काम. ज्या तुकड्याला काहीच द्यायचं नाही, फवारा नाही, डवरणी नाही, निंदण नाही, तो कंट्रोल. बाकीच्यांना दिलं त्याचा किती फायदा झाला हे त्या तुकड्याकडे पाहून कळायचं. म्हणून तो भाबडेपणाने म्हणाला, "कंट्रोलची पाटी मीच लावतो." माणूस इतका हसला की दुकानदारानेही मान वर केली. "अहो, पाटी नाही. तुम्ही स्वतः. आमच्या सगळ्या बॅचला माहीत आहे. मी राजकुमार, आता बँकेत आहे खामगावला. सरांचा अनोव्हाचा, त्या सरासऱ्या ताडून पाहायच्या पद्धतीचा तास मी जन्मात विसरणार नाही." आणि मशीनमधून एकेक पान बाहेर पडत असताना, लोकांच्या मधोमध, राजकुमारने तो तास पुन्हा घेतला. सर फळ्यावर तीन नावं लिहायचे. सौमित्र, हिमानी, शंतनु. एकाला विकतचं शिक्षण, पुण्याची निवासी शाळा. एकीला घरचं शिक्षण, पहाटे उठवून सर स्वतः शिकवणार. आणि एकाला काहीच नाही. "सर म्हणायचे, अनोव्हा तुम्हाला एवढंच सांगेल की या सरासऱ्यांत कुठंतरी फरक आहे. कुठं, ते सांगणार नाही. ते विचारायला कॉन्ट्रास्ट लावावा लागतो, म्हणजे कोणाची कोणाशी तुलना ते आकडे देऊन सांगावं लागतं. पहिला प्रश्न, काहीतरी देणं विरुद्ध काहीच न देणं. सौमित्र अधिक एक, हिमानी अधिक एक, शंतनु उणे दोन. बेरीज शून्य आली पाहिजे, म्हणून त्या एकट्याला दोघांचं वजन उचलावं लागतं. दुसरा प्रश्न, विकतचं बरं की घरचं. सौमित्र अधिक एक, हिमानी उणे एक, आणि शंतनु शून्य. त्या प्रश्नात त्याचं कामच नाही." राजकुमार बोटांवर मोजून दाखवत होता. "मग सर विचारायचे, या प्रयोगात चूक काय? कोणीतरी म्हणायचं, सर, रेप्लिकेशन नाही, एका उपचाराला एकच लेकरू, मग आपोआप होणारा फरक किती हे कळणार कसं. सर खडू खाली ठेवून म्हणायचे, बरोबर. पण पुन्हा पेरायचं म्हटलं तर मिसेस ऐकायच्या नाहीत. वर्ग जो हसायचा, विचारू नका."

पानं गरम होती. शंतनुने ती हातात घेतली तेव्हा तळहाताला चटका बसल्यासारखं वाटलं, आणि तो ती फुंकत राहिला, जणू चहा आहे. राजकुमार म्हणाला, "राग नाही ना आला? सरांचा जीवच तसा. आणि एक गोष्ट ते घोकून घ्यायचे बघा. कॉन्ट्रास्ट पेरणीच्या आधी ठरवायचा. पीक उभं राहिल्यावर, हा प्लॉट उंच, तो खुजा, असं पाहून ठरवला तर ती लबाडी. तब्येत कशी आहे सरांची?" शंतनुने सांगितलं, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली, आता थोडे थोडे शब्द येत आहेत. राजकुमारचा चेहरा खरोखर उतरला. "इतकं बोलणारा माणूस," तो म्हणाला. "माझा नमस्कार सांगा."

दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता शंतनुच्या रोजच्या वाटेवरचाच होता, पण त्या दिवशी त्याला पायाखालचं काही ओळखीचं वाटेना. त्याला राग आला नव्हता. राग यायला आधी काहीतरी जागेवर असावं लागतं. त्याच्या आतल्या साऱ्या वस्तू कुणीतरी उचलून अंगणात काढल्या होत्या आणि आता त्या कुठल्या खोलीत परत ठेवायच्या हे कळत नव्हतं. त्याला आठवलं, शेतावर प्रात्यक्षिकाला येणारी पोरं त्याच्याकडे पाहून हसायची. दर वर्षीची नवी पोरं, पण हसणं तेच. तो समजायचा, सरांचा मुलगा म्हणून मान देतात. एका निरोपाच्या दिवशी त्या पोरांनी त्याचा हात धरून त्याला सोयाबीनच्या चाचणीत नेलं, तणाने गळ्यापर्यंत बुडालेल्या तुकड्यापुढे उभं केलं, 'कंट्रोल' लिहिलेल्या पाटीच्या बाजूला, आणि सगळे भोवती गोळा होऊन फोटो काढला. सगळे हसत होते म्हणून तोही हसला होता. दात दिसतील असा. वंदनाने, त्याच्या बायकोने, तो फोटो हौसेने चौकटीत बसवून समोरच्या खोलीत लावला. त्याच्या आयुष्यात कुणी त्याला मधोमध उभं करून काढलेला तेवढाच फोटो. आणि वडील त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसून रोज पेपर वाचत आले. पेपराच्या वरून त्यांची नजर त्या फोटोवर जात असणार. कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

तो घरात आला तेव्हा वंदना खाटेजवळ स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर वस्तूंची टोपली होती. तिने चमचा वर धरला. "हे काय, बाबा?" म्हाताऱ्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलं, गळ्याची शीर ताठली, आणि शब्द विहिरीतून बादली यावी तसा हेलकावत वर आला. "च... चम...चा." "वा," वंदना म्हणाली. तिने खिडकीकडे बोट केलं. "खिड...की." तिने पदराने त्यांची लाळ पुसली आणि शंतनुकडे पाहून म्हणाली, "ऐकलं काय? आज कुलूप बी म्हणले. हरिओम म्हणे, पोळ्यापर्यंत वाक्यं बोलतीन." हरिओम म्हणजे हाताचा व्यायाम आणि बोलण्याचा सराव करून घ्यायला येणारा तरुण. त्याच्या हातात जादू आहे असं वंदनाचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी मात्र जादूचं काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले होते, पहिल्या काही महिन्यांतच वाचा परत येते, रोज करून घ्या, सोडलं तर आलेलंही निघून जाईल. तेव्हा वडिलांपाशी थोडेच शब्द होते. पाणी, नको, शरयू, आणि बरोबर. शरयू म्हणजे आई, तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि बरोबर हा शब्द तर झटक्यानेही त्यांच्याकडून काढून घेता आला नाही. तो कुठेतरी हाडात मुरला होता.

शंतनुने फोटोकडे पाहिलं. मग वडिलांकडे. वडील त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्यांच्या ओठांच्या चांगल्या कोपऱ्यात एक हसू होतं, चमचा म्हणता आल्याचं, लहान मुलासारखं. नेमकं त्या हसण्याने शंतनुच्या आत काहीतरी ठरलं. तो अंगणात गेला आणि त्याने हरिओमला फोन लावला. "उद्यापासून येऊ नको. भाऊ त्याईले पुण्याले नेऊन राह्यला." हरिओम म्हणाला, "चांगलं झालं दादा, पण मधात खंड पडू देऊ नका." "नाई पडू देत." आत येऊन तो वंदनाला म्हणाला, "डॉक्टर भेटले. म्हणे डोक्याले ताण नको. हे शब्दगिब्द आता बंद ठेवा, जखम भरू द्या." वंदना टोपली हातात धरून बसून राहिली. "असं म्हणले? इतकं चांगलं येऊन राह्यलं त?" "मी काय मनानं सांगून राह्यलो?" ती बीबी गावची, शेतकऱ्याघरची, डॉक्टरच्या शब्दापुढे न जाणारी. तिने टोपली उचलली आणि कपाटावर ठेवली. वडिलांनी टोपलीकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "नको," ते म्हणाले. कुणीच त्यांचं ऐकलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्याने स्वतःला सांगितलं की तो काहीच करत नाही. खरंच तो काही करत नव्हता. वडिलांना वेळेवर जेवण होतं, अंगाला पाणी होतं, स्वच्छ चादर होती. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, वाकडा शब्द बोलला नाही. फक्त काही दिलं नाही. कंट्रोल प्लॉटलाही पाऊस मिळतो, ऊन मिळतं, माती तीच असते. त्यालाही लहानपणी सगळं मिळालं होतं. ताटात भाजी होती, अंगात सदरा होता, पायात चप्पल होती. मग काय मिळालं नाही असं कुणी विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि तीच तर गोम होती. पहाटे शेजारच्या खोलीत दिवा लागायचा. हिमानीचा झोपाळू आवाज पाढे म्हणायचा, वडिलांचा आवाज मधूनच, "बरोबर." तो दाराला कान लावून ऐकायचा आणि पाढा आपणही म्हणायचा, पण दाराच्या या बाजूला 'बरोबर' म्हणायला कुणी नसायचं. एकदा तो आत जाऊन बसला. वडील रागावले नाहीत. त्यांनी त्याचं डोकं कुरवाळलं आणि म्हणाले, "तू झोप जा, बाळ." तेव्हा त्याला ते प्रेम वाटलं होतं. किती वर्षं त्याने ती कुरवाळणी जपून ठेवली होती. आता ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहताना त्याला कळेना की तिच्या मागच्या बाजूला काय आहे. सौमित्र पुण्याहून यायचा तेव्हा वडील त्याला घ्यायला स्टँडवर जायचे. घरात सौमित्र आणि हिमानीशी पुस्तकातल्यासारखं बोलायचे, 'कशाला' म्हण, 'काऊन' नको. शंतनुने कितीही काऊन म्हटलं तरी त्याला त्यांनी कधी टोकलं नाही. गल्लीतल्या पोरांसारखी त्याची जीभ वाढत गेली आणि तिला कुणी छाटलं नाही. तो समजायचा, आपल्याला मोकळीक आहे.

आणि आईचं ते प्रकरण. तो सातवीत असताना आईने चोरून त्याला गणिताची शिकवणी लावली होती, मागच्या गल्लीतल्या बनाबाई मास्तरणीकडे. तो तिथे खेळायला जातो असं घरात सांगायचं. त्या वर्षी सहामाहीत त्याला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. त्याला अजून ती संध्याकाळ दिसते. वडील प्रगतिपुस्तक हातात घेऊन उभे, चेहऱ्यावर आनंद नाही, एखाद्या यंत्राने चुकीचा आकडा दाखवावा तसा त्रास. त्यांनी आईला स्वयंपाकघरात नेलं. आवाज चढला नाही. फक्त एक वाक्य बाहेर आलं, "शरयू, तू मध्ये हात घालू नकोस." दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद झाली. आईने त्या रात्री त्याच्या ताटात तूप जास्त वाढलं होतं. ते वाक्य इतकी वर्षं त्याच्या कानात नुसतं पडून होतं, गंजलेल्या किल्लीसारखं, आणि राजकुमारने ती उचलून अचूक कुलुपात घातली होती. म्हणजे आधीच ठरलं होतं. पेरणीच्या आधी. तो पाळण्यात असतानाच त्याच्यापुढे पाटी ठोकली गेली होती.

पण मग त्याला तापाचं आठवायचं. विषमज्वर झाला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि वडील त्याला खांद्यावर टाकून मेहकरला गेले, तिथून कुणीतरी सांगितलं म्हणून हिवरा आश्रमाला. देवाधर्माला नाक मुरडणारा माणूस तिथल्या ओसरीवर त्याला मांडीवर घेऊन बसला होता. कपाळावर ओली पट्टी, आणि वडिलांच्या शर्टाला येणारा खडूचा वास. कंट्रोलसाठी असं कोण करतं? की करतात? प्लॉट जळून गेला तर चाचणीच बाद होते, म्हणून कंट्रोललाही जगवावं लागतं. त्याने स्वतः किती वेळा गुरं हाकलली होती त्या तुकड्यातून. तो असा घोळत राहायचा. कधी वाटायचं, सगळं नंतरचं आहे. तीन लेकरं, दोन पुढे गेली, एक मागे राहिलं, बापाला लाज वाटली, आणि त्या लाजेला त्याने फळ्यावर प्रयोगाचं नाव दिलं. पीक पाहून ठरवलेला कॉन्ट्रास्ट. लबाडी, पण माणसाची लबाडी. आणि कधी वाटायचं, नाही, हा माणूस तसला नाही, हा आधी ठरवणारा आहे. आधी की नंतर. एवढंच त्याला हवं होतं. बाकी काही नको, माफी नको, रडणं नको. आधी की नंतर, हा एक शब्द. आणि तो शब्द जगात एकाच माणसापाशी होता, आणि तो माणूस खाटेवर पडून दिवसेंदिवस मुका होत होता. हे शंतनुला दिसत नव्हतं असं नाही. त्याने लगेच विचारायला हवं होतं, चमचा आणि खिडकी येत होते तेव्हाच. पण उत्तर 'नंतर' असं आलं असतं तर या छातीतल्या निखाऱ्याचं करायचं काय? त्याच्यापाशी पहिल्यांदाच स्वतःचं असं काहीतरी होतं. तो म्हणायचा, अजून थोडे दिवस. काही न मिळणं म्हणजे काय ते थोडं त्यांनाही कळू दे. मग हरिओमला बोलावू. मग विचारू.

शब्द पिकलेल्या पानांसारखे गळाले. आधी कुलूप गेलं, मग खिडकी. वंदना जेवण भरवताना म्हणाली, "काल चमच्याले काही म्हणलेच नाईत. नुसते पाहून राह्यले." "वय हाय," तो म्हणाला. "वय तवाबी होतं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. दर रविवारी सौमित्र आणि हिमानीचा फोन यायचा, दोघं एकाच पडद्यावर, दोन चौकोनांत. "बाबा, कसे आहात?" म्हाताऱ्याचा डावा हात त्या चौकोनांकडे जायचा. "बरोबर," ते म्हणायचे. सौमित्र खूश व्हायचा. "बघ, स्पष्ट बोलले. शंतनु, तू छान करतो आहेस रे. तू नसतास तर आमचं काय झालं असतं?" शंतनु मोबाईल धरून उभा राहायचा. कॅमेरा त्याच्याकडे नसायचा. त्या पडद्यावर सौमित्र होता, हिमानी होती, आणि मोबाईल धरणारा हात तेवढा नव्हता.

शेतावर सोयाबीन गुडघ्याला आलं होतं. त्या वर्षीची चाचणी तणांची होती. एका तुकड्याला हातनिंदणी, एकाला तणनाशक, एकाला दोन्ही, आणि कंट्रोलला काही नाही, आणि असे चार तुकडे चार ठिकाणी, मातीचा फरक उपचाराच्या माथी बसू नये म्हणून. निंदायला बायका यायच्या, त्यांत रुखमाबाई उंद्री गावची, आयुष्य काळ्या मातीत गेलेलं, तिला दर वर्षी समजावून सांगावं लागायचं की पाटी असलेल्या तुकड्यात शिरायचं नाही, आणि दर वर्षी ती तेच विचारायची. "भाऊ, याले काऊन सोडलं? त्याचा काय गुन्हा?" "त्याच्यावरून कळते रुखमाबाई, बाकीच्याईले किती फायदा झाला ते." "बाकीच्याईचा फायदा पाह्यासाठी याचा जीव घेता? हा तुमचा सवतीचा तुकडा हाय." बायका हसायच्या, तोही हसायचा. त्या वर्षी पोळ्याच्या आधी तो चाचणीत फिरत होता, आणि कडेच्या कंट्रोल तुकड्यात त्याला काळी माती दिसली. केना उपटलेला, लव्हाळा उपटलेला, बांधावर तणाचा ढीग सुकत पडलेला. तीन ओळी स्वच्छ. त्या ओळींतली झाडं अंग पसरून उभी होती, पानांवर तजेला आला होता, चार दिवसांतच. तो तिथे थांबला आणि त्याला एकदम सातवीतला तो गणिताचा पेपर आठवला, लाल शाईचे मार्क, आणि बनाबाईंच्या ओसरीवरचा ओल्या पाटीचा वास. त्याने रुखमाबाईला हाक मारली. ती विळा पदराला पुसत आली. "कोणं केलं हे?" "म्या केलं. डबा खायाच्या टायमाले. पाह्यवलं नाई भाऊ. लेकरावानी दिसते ते." ती अपराधी नव्हती. तिला वाटत होतं तोही खूश होईल. त्याच्या तोंडातून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं, आणि आवाज चढला नव्हता. "रुखमाबाई, तू मधात हात घालू नको." मग तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." तिने त्याच्याकडे पाहिलं. "चार तण उपटले म्हून?" "हाव." बायका बांधावर उभ्या राहिल्या. ती डब्याची पिशवी खांद्याला लावून रस्त्याने निघाली, आणि तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडात वडिलांच्या वाक्याची चव होती, खडूसारखी, कोरडी. त्याला वाटलं आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही. उलट खूप वर्षांनी वडिलांच्या जवळ बसल्यासारखं वाटलं.

सोयाबीन कापून मळून तुकड्यातुकड्याचं वजन झालं तेव्हा नवरात्र सरलं होतं. रुखमाबाईने निंदलेला तुकडा हिशेबातून वगळला होता. चाचणी घेणाऱ्या प्रेरणा मॅडम तरुण होत्या, खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी टाळी वाजवली. "शंतनुदादा, फरक आला. आणि आधी ठरवलेला कॉन्ट्रास्टही आला, सगळे उपचार विरुद्ध कंट्रोल." त्यांनी पडद्यावर दाखवलं. तीन उंच खांब आणि एक बुटका. "तुम्ही कंट्रोल चांगला सांभाळला. कंट्रोल जितका वाईट, तितके बाकीचे चांगले दिसतात." त्या सहज बोलल्या आणि चहा मागवला. शंतनु त्या बुटक्या खांबाकडे पाहत होता. त्याने विचारलं, "मॅडम, आधी ठरवलं होतं का नंतर, हे नुसतं पाहून कळते का?" "आकड्यांवरून?" त्या हसल्या. "नाही. आकडे तेच दिसतात. ते ज्याने ठरवलं त्यालाच माहीत असतं. त्यालाच विचारावं लागतं."

तो चहा न घेता निघाला. घरात पाऊल टाकलं तेव्हा वंदना दारातच उभी होती, बाजाराची पिशवी हातात तशीच, भाजी न काढलेली. "हरिओम भेटला बाजारात," ती म्हणाली. "मले विचारे, बाबा पुण्याहून कधी येतीन." तो चपला काढत राहिला. "डॉक्टरले मी फोन केला. ते म्हणे, मी असं काही म्हणलंच नाई." तिचा आवाज कापत नव्हता, तो सपाट होता, आणि त्याची त्याला भीती वाटली. "मले खोटं काऊन सांगतलं? राग होता त मले सांगायचं होतं. मी बी त तुमच्याच घरची. माझ्या हातानं काऊन केलं?" ती त्याच्या अंगावरून आत गेली, कपाटावरची टोपली काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसली. चमचा वर धरला. "बाबा, हे काय?"

म्हाताऱ्याने चमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर ताठली नाही. ओठ सहज उघडले. "बरोबर."

"नाई बाबा. हे काय? च..."

"बरोबर."

तिने खिडकीकडे बोट केलं. बरोबर. तिने पाण्याचा पेला दाखवला, जो शब्द पहिल्या दिवसापासून त्यांच्यापाशी होता. बरोबर. तिने शेवटी हाताने स्वतःचं तोंड झाकलं आणि भिंतीवरचा सासूचा फोटो काढून त्यांच्या पुढ्यात धरला. "ह्या कोण?" त्यांनी डाव्या हाताने काचेवरून बोट फिरवलं, गालावरून, कुंकवावरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर, बरोबर." वंदना उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिने नळ सोडला, भांडी न घेताच.

शंतनु स्टुलावर बसला. दुपारचं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. इतक्या जवळून त्याने वडिलांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. कानातले पांढरे केस, उजव्या हाताची मिटलेली मूठ, जिला कधीकाळी खडूची पांढरी भुकटी चिकटलेली असायची. त्याने भिंतीवरचा स्वतःचा फोटो उतरवला, पाटीशेजारी हसणारा, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. "बाबा, मले राजकुमार भेटला होता. तुमच्या वर्गातला. त्यानं सांगितलं. अधिक एक, अधिक एक, उणे दोन." वडिलांचे डोळे त्याच्या तोंडावर आले आणि तिथेच थांबले. ते स्वच्छ होते. आत कुणीतरी होतं, जागं, सगळं ऐकणारं. याची शंतनुला खात्री पटली. "हरिओमले मी बंद केलं," तो म्हणाला. "तुमचे शब्द येऊन राह्यले होते. मी थांबवले. मुद्दाम." ते पाहत राहिले. "मले एकच सांगा. आधी ठरवलं होतं का नंतर?"

म्हाताऱ्याचा डावा हात हलला. तो फोटोच्या काचेवरून सरकत वर आला, शंतनुच्या डोक्यावर, आणि केसांतून मागे गेला, हळू, जसा त्या पहाटे गेला होता.

"आधी?" शंतनु म्हणाला. "मी जन्मायच्या आधी?"

"बरोबर."

"का नंतर? मी मागं राह्यलो म्हणून?"

"बरोबर," वडील म्हणाले, त्याच स्वरात, खडू खाली ठेवल्यासारखं, आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागले.